नाशिक, मुंबई आणि कोकण किनारा: नऊ दिवसांची आखणी खाड्यांच्या हिशेबाने

नमस्कार. तुमचा प्रश्न असा आहे: फेब्रुवारीअखेर नऊ दिवस मोकळे आहेत. पुण्याहून निघून नाशिकला वायनरी बघायची, तिथून कोकणात उतरून अलिबाग ते मालवण किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि शेवटी दोन दिवस मुंबई करून घरी यायचं. गाडी सीएनजी हॅचबॅक. माणसं पाच: तुम्ही दोघं, आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी. आईचे गुडघे दुखतात. रोज २०० ते २५० किलोमीटर जमतील का?

नाशिकच्या आणि परतीच्या रस्त्यावर जमतील. किनाऱ्यावर जमणार नाहीत. तिथे दिवसाला ७० ते ९० किलोमीटर धरा, तेवढ्यातही दिवस भरतो. नकाशावर अलिबाग ते मालवण ही एक रेघ दिसते, पण ती रेघ दर तीस-चाळीस किलोमीटरवर खाडीने तुटलेली आहे. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. काहींवर पूल आहेत, काहींवर फेरीबोट आहे. दोन खाड्यांमधला रस्ता वाडीतून, घराघरांच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) वळत जातो, समोरून एसटी आली की कुणीतरी मागे घ्यायचं. ताशी २५ ते ३० हा इथला खरा वेग. मोबाइलवरचा नकाशा जी वेळ सांगतो ती दीडपट करा, शिवाय दर फेरीबोटीला पाऊण तास वेगळा ठेवा. तेव्हा कुठे हिशेब जुळतो.

म्हणून पहिला बदल: मालवण काढा. मालवण, तारकर्ली, देवगड, विजयदुर्ग हा स्वतंत्र पाच दिवसांचा प्रवास आहे आणि तो कोल्हापूरकडून गगनबावड्याने किंवा फोंडा घाटाने उतरून करायचा. तुमच्या नऊ दिवसांत किनारा मांडव्यापासून गुहागरपर्यंत बसतो. तो नीट बसतो, आणि आईंना रोज दुपारी तास-दोन तास आडवं होता येतं.

दुसरा बदल: मुंबई शेवटी नको, मध्ये घ्या. नाशिकहून थेट अलिबागला जायचं म्हटलं तरी मुंबईच्या कडेनेच जावं लागतं. मग दोन रात्री तिथेच राहा आणि किनाऱ्यावर पाण्यातून उतरा: भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडवा. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचा आणखी एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. आपण डावीकडून गाडी चालवतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणजे श्रीवर्धनजवळच्या शेखाडीसारख्या अरुंद रस्त्यावर तुमची बाजू डोंगराची असते आणि कड्याची बाजू समोरून येणाऱ्याची. कोकणात पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्याला याने बराच धीर येतो.

तिसरा बदल वारांचा. बहुतेक जण शनिवारी निघतात आणि पुढच्या रविवारी परततात, त्यामुळे वायनरीत आणि किनाऱ्यावर नेमके गर्दीचे दिवस वाट्याला येतात. तुम्ही गुरुवारी निघा. गुरुवार पुणे ते नाशिक. शुक्रवार वायनरी. शनिवारी सकाळी मुंबई, रविवार मुंबईत, तेव्हा रस्ते त्यातल्या त्यात मोकळे असतात. सोमवारी सकाळी रो-रो आणि मुरूडला मुक्काम, मंगळवारी दिवेआगर, बुधवारी आंजर्ले, गुरुवारी गुहागर, शुक्रवारी पुणे. शुक्रवारी दुपारनंतर पुण्या-मुंबईच्या गाड्या कोकणाकडे सुटतात, तेव्हा तुम्ही घाट चढून वर आलेले असता.

आता नाशिक. पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असे सुमारे २१० किलोमीटर, थांबे धरून पाच-साडेपाच तास. फेब्रुवारी हा वाईनच्या द्राक्षांच्या तोडणीचा महिना. जानेवारीत सुरू होते, मार्चपर्यंत चालते. आपल्याकडे वेल युरोपासारखी थंडीत झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, मग पावसाळा सरता सरता फळ छाटणी, आणि त्या दुसऱ्या छाटणीची द्राक्षं तुम्हाला वेलीवर दिसतील. मुलीला एक मणी चाखून बघायला सांगा (तिथल्या माणसाला विचारून). बाजारात मिळणाऱ्या थॉमसनपेक्षा लहान, जाड सालीचा, बियांचा आणि चांगलाच गोड. ही साल आणि बी रेड वाईनला रंग आणि तुरटपणा देतात, हे तोंडात फोडल्यावर लगेच कळतं. तोडणी पहाटे, गारव्यात करतात, त्यामुळे सकाळी नऊ-दहाला पोचलात तर क्रेट उतरताना बघायला मिळण्याची शक्यता जास्त.

वायनरी दोनच करा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क शेजारी-शेजारी आहेत. मुंबईला जाताना वाटेत हवी असेल तर इगतपुरीजवळ संजेगाव-कावनई भागात ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोन आहेत. तिसरीला गेलात तर जीभ बधिर होते आणि आई-बाबा कंटाळतात. टाकीघर (वाईन जिथे टाक्यांत तयार होते ते) बघायला मुलांना बहुधा सोडतात, चाखायला अर्थातच नाही.

चाखण्याचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण ‘चाखलंच तर आहे’ म्हणून माणसं स्टिअरिंगवर बसतात. एका टेस्टिंगमध्ये सहा वाईन, प्रत्येकी ३० मिलिलिटर धरली तर १८० मिलिलिटर झाली. १२-१३ टक्क्यांच्या वाईनमध्ये तेवढ्यात सुमारे १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते १०० मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. मोटार वाहन कायद्यात मर्यादा ३० आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे एक पूर्ण टेस्टिंग झालं की चालवणारा बाद. तुम्ही दोघंही चालवत असाल तर शुक्रवारी एकाने हात लावायचा नाही, किंवा गाडी हॉटेलवर ठेवून रिक्षा-टॅक्सीने जायचं. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला संकोच करू नका. वाईन बनवणारे स्वतः तेच करतात.

बाटल्या दोन किंवा तीनच घ्या आणि बिल जपून ठेवा. पुढचे सात दिवस त्या गाडीत असणार आणि उष्णता हा वाईनचा सर्वांत मोठा शत्रू. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान पन्नाशीला टेकतं. आतली वाईन फुगते, बूच ओठांपासून किंचित वर उचललं जातं, बाजूने चिकट ओघळ येतो. असं दिसलं की ती वाईन शिजली, उकडलेल्या फळासारखा वास येणार. थर्माकोलच्या छोट्या खोक्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, डिकीत नको. मुक्कामी उतरताना पहिली ती खोलीत न्या. किनाऱ्याच्या जेवणासाठी घ्यायची तर शेनिन ब्लाँ किंवा सोविन्यों ब्लाँ या व्हाइट वाईन घ्या. तव्यावरची सुरमई, कुरकुरीत बोंबील, तिसऱ्या, यांना ती आंबूस-हलकी वाईन साथ देते. तुरट रेड आणि बांगडा एकत्र आले की तोंडाला लोखंडाची चव येते. दोष दोघांचाही नसतो, जोडी चुकते.

आणि एक नाजूक गोष्ट. दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर इथल्या कितीतरी घरगुती निवासांत मद्य चालत नाही, काही ठिकाणी मांसाहारही नाही. ती त्यांची राहती घरं आहेत, देवघर शेजारच्या खोलीत असतं. बुकिंगच्या फोनवरच स्पष्ट विचारा. ‘चालत नाही’ म्हणाले तर बाटली बंद राहू द्या किंवा दुसरं घर बघा.

मुंबईबद्दल थोडक्यात. नाशिकहून सुमारे १७० किलोमीटर. इगतपुरीनंतर कसारा घाटाने या किंवा समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत या. हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि घाटातले ट्रक त्यामुळे टळतात. मुक्काम दक्षिण मुंबईत किंवा भायखळ्याकडे ठेवा, म्हणजे सोमवारी भाऊचा धक्का जवळ पडतो. पार्किंग आहे ना हे आधी विचारा, आणि एकदा लावलेली गाडी सोमवारपर्यंत हलवू नका. रविवारी सकाळी राणीची बाग, दुपारी विश्रांती, संध्याकाळी गेटवे ते मरीन ड्राइव्ह टॅक्सीने. आईंसाठी एवढं पुरे आहे. निघण्यापूर्वी पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून घ्या. किनाऱ्याच्या आतल्या रस्त्यांवर सीएनजीच्या भरवशावर राहू नका, मिळालं तर फायदा समजा.

रो-रोचं तिकीट ऑनलाइन काढा, गाडीच्या आकाराप्रमाणे दर असतो. पाऊण तास आधी पोचा. प्रवास साधारण तासाभराचा. बोट रद्द झालीच तर डोक्याला हात लावून बसू नका: अटल सेतू (कारला एका वेळचा टोल २५०), पुढे पेण, वडखळ, अलिबाग. तोही रस्ता ठीक आहे, फक्त वडखळच्या आसपास वेळ जातो.

आता या आखणीचा गाभा, भरती-ओहोटी. पहिल्यांदा येणारी माणसं हॉटेल, जेवण, अंतर सगळं बघतात आणि हे बघत नाहीत. मग कुलाबा किल्ल्यासमोर उभं राहून पाणी कधी उतरेल ते विचारत बसतात, किंवा हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर नको त्या वेळी उतरतात.

यासाठी ॲप लागत नाही, घरातलं कॅलेंडर पुरतं. तिथीचा आकडा घ्या, त्याला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती पहाटे तीनच्या आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास. तिच्यात सव्वासहा तास मिळवा, सकाळी सव्वानऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराच्या पुढे. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराला आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाला. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, कारण तिथी मध्येच बदलते आणि प्रत्येक खाडीचं तोंड वेगळं असतं. गावातल्या कोळ्याला विचारून खात्री करा, तो सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ न बघता सांगेल.

यात एक बारकावा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: भरतीला पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी ना धड चढत ना धड उतरत. त्यामुळे ‘अष्टमीला दुपारी ओहोटी आहे, चला किल्ल्यात चालत’ हा हिशेब कागदावर बरोबर आणि वाळूवर चुकीचा. वाट पूर्ण कोरडी होईलच असं नाही, गुडघाभर पाण्यातून जावं लागू शकतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल तर तृतीया ते पंचमी चांगली, ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान आणि पाणी बऱ्यापैकी मागे. दुपारी जायचं तर एकादशी-द्वादशी. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी वाळूत उतरा आणि पाणी वळलं की लगेच परत फिरा. येताना ते पुढून नाही, दोन्ही बाजूंच्या खोलगट भागांतून आधी भरतं आणि मधली वाळू कोरडी दिसत असतानाच परतीची वाट बुडते. आईंना घोडागाडीने जाता येतं, पण चढता-उतरताना हात द्यावा लागेल.

म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी कॅलेंडर उघडा आणि तुमच्या सोमवारची तिथी बघा. एकादशी-द्वादशी जुळली आणि सकाळची रो-रो मिळाली तर किल्ला होतो; तृतीया ते पंचमीची सकाळची ओहोटी मुंबईहून येऊन गाठणं अवघड. नाही जुळली तर किल्ला सोडा, आठवडा सोडू नका. एक गोष्ट मात्र टाळाच: होळी पौर्णिमेच्या आगेमागेचे दिवस. शिमग्याला चाकरमानी गावी येतात, पालख्या निघतात. गावात आपलं कुणी असेल तर त्याहून सुंदर दिवस नाहीत, पण परक्या प्रवाशाला खोली मिळत नाही आणि वाडीतल्या रस्त्यावर पालखी असेल तर गाडी तासभर थांबते. ती थांबायलाच हवी.

सोमवारचा रस्ता: मांडवा, अलिबाग, चौल, रेवदंडा, पुलावरून साळाव, कोर्लई, काशीद, मुरूड. सत्तर किलोमीटरच्या आसपास, अडीच-तीन तास. काशीदला उतरा, फोटो काढा, शहाळं प्या, पण पाण्यात घोट्याच्या वर नको. तिथला तळ एकदम खाली जातो आणि परतीची लाट पाय ओढते. मुलीचा हात सोडू नका.

मंगळवारी सकाळी राजपुरीहून जंजिरा. तुमच्या आईंनी जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. बोटीत बसणं जमेल. अवघड जागा किल्ल्याच्या दरवाजाशी आहे. बोट लाटेवर वर-खाली होत असते, पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या, आणि बोट वर आली त्या क्षणी पाय टाकायचा असतो. दुखऱ्या गुडघ्यांनी तो क्षण पकडता येत नाही. आई-बाबा काठावर सावलीत बसतील, तुम्ही तिघं दोन-अडीच तासांत जाऊन या. मग आगरदांडा ते दिघी फेरीबोट आणि बोर्ली पंचतन मार्गे दिवेआगर. गाडी जेमतेम चाळीस किलोमीटर चालते, दुपारच्या जेवणाला पोचता.

फेरीबोटीत गाडी चढवणं हे अवघड नाही, पण तुमच्या गाडीला जपावं लागेल. पाच माणसं आणि डिकीत सीएनजीची टाकी, म्हणजे मागची बाजू आधीच दबलेली. भरतीच्या वेळी बोटीची फळी जवळजवळ सपाट असते. ओहोटीला धक्क्याचा उतार लांबलचक उघडा पडतो, खालचा भाग हिरवा आणि बुळबुळीत, आणि उतार संपून फळी सुरू होते तिथे कोन होतो. त्या कोनात पुढचा बंपर किंवा मधला तळ घासतो. उपाय साधा आहे: चालवणारा सोडून सगळ्यांना आधी उतरवा. गाडी दीड-दोन इंच उचलली जाते. पहिला गिअर, पाय ब्रेकवर तयार, वेग माणसाच्या चालीचा, धक्क्यावरचा माणूस हात दाखवेल तिकडेच बघायचं. काही वेळा तो गाडी उलटी चढवायला सांगतो, म्हणजे उतरताना सरळ निघते. आत लागली की इंजिन बंद, हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवा, आरसे मिटा. आई-बाबांना उतारावरून हात धरून, कोरड्या कडेने आणा. गाडीपेक्षा ते घसरण्याची शक्यता जास्त. सुटे पैसे जवळ असू द्या. बोटी सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात, पण शेवटच्या फेरीवर विसंबून दिवस आखू नका. बंदरात गर्दी असली किंवा उधाणाच्या ओहोटीत बोट थोडी थांबली की सगळं कोलमडतं. दुपारी चारपर्यंत त्या दिवशीची खाडी ओलांडलेली असावी.

सामानाचंही इथेच सांगतो. मोठ्या सुटकेस नकोत, माणशी एक मऊ बॅग. टपावर कॅरिअर लावायचा मोह होईल, तो आवरा. वाडीतल्या रस्त्यांवर माडाच्या झावळ्या आणि वायरी खाली लोंबतात. टायरमध्ये हवा दाराच्या चौकटीवर ‘पूर्ण भार’ म्हणून लिहिलेली असते तेवढी भरा.

बुधवार हा किनाऱ्यावरचा सर्वांत सुंदर आणि सर्वांत लांब दिवस. दिवेआगरहून श्रीवर्धनला आतून जाऊ नका. शेखाडी, कोंडविल, आरावी हा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता घ्या, सकाळी आठला. ऊन डोंगराआडून येत असतं आणि पाणी अजून काचेसारखं असतं. घाई न करता तासभर. मग हरिहरेश्वर. देवळाच्या मागची प्रदक्षिणेची वाट कातळातल्या पायऱ्यांनी समुद्राकडे उतरते आणि फक्त ओहोटीला करायची असते. लाटेने तिथून माणसं ओढून नेलेली आहेत. पुजारी किंवा रक्षक ‘आज नको’ म्हणाले की विषय संपला. आईंनी देवळातूनच दर्शन घ्यावं.

बागमांडल्याला सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. पुढे बाणकोट, वेळास, केळशी, आडे, आंजर्ले. दिवसभरात नव्वदेक किलोमीटर, प्रत्यक्ष गाडीत चार तास. वेळास आणि आंजर्ले दोन्हीकडे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात. वेळासला हे काम २००२ च्या सुमारास सुरू झालं. मादी वाळूत अंडी घालून निघून जाते, पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात, आणि जाळीच्या आवारातून त्यांना सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्राकडे सोडतात. फेब्रुवारीअखेर हंगाम सुरू झालेला असतो. त्या दिवशी पिल्लं निघतीलच याची हमी कुणी देत नाही, म्हणून मुलीला आधीपासून वचन देऊ नका. दोन वेळा मिळाव्यात म्हणून आंजर्ल्याला संध्याकाळी पाचपर्यंत पोचा: एक बुधवारची संध्याकाळ, एक गुरुवारची सकाळ. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश नाही, पिल्लाला हात नाही. तळहाताच्या अर्ध्या एवढा तो काळा जीव ओल्या वाळूवर चार-पाच पावलं टाकतो, थांबतो, पुन्हा निघतो. त्याला उचलून पाण्यात सोडावंसं वाटतं, पण ते अंतर त्याने स्वतःच कापायचं असतं.

आणि गाडी वाळूत नेऊ नका. पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळवंटावर) कडक दिसणारी वाळू चाकाखाली फुटते, गाडी तळावर बसते, आणि मग भरतीशी शर्यत लागते. खारं पाणी आत शिरलं की वायरिंग आणि ब्रेक दोन्ही जातात. कासवांची घरटीही त्याच वाळूत असतात.

गुरुवारी कड्यावरचा गणपती बघून हर्णै, दापोली, दाभोळ. हर्णै बंदरातला माशांचा लिलाव संध्याकाळी रंगात येतो, तुम्ही सकाळी जाल, तेव्हा तो चुकेल, हळहळू नका. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे. ती नसती तर दापोलीहून गुहागरला चिपळूणचा वळसा घालून शंभराच्या वर किलोमीटर पडले असते. बोटीने पन्नासच्या आत होतात. गुहागरला दुपारी पोचलात आणि अंगात त्राण असेल तर हेदवीला जा. दशभुजा गणपती, आणि जवळच समुद्रात बामणघळ: कातळातली अरुंद चीर, तीत भरतीची लाट कोंडते आणि फवारा उंच उसळतो. इथे हिशेब उलटा, भरतीच हवी, तीही उधाणाची असेल तर उत्तम. चिरेच्या तोंडाशी जायचं नाही. भरती नसेल तर व्याडेश्वराचं दर्शन घ्या आणि गुहागरच्या पुळणीवर बसा. आई-बाबांना ते जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

जेवणाचा एक नियम चारही दिवस पाळा. कोकणात घरगुती खानावळीत जेवण सांगून ठेवावं लागतं. दुपारचं सकाळी दहाच्या आत, रात्रीचं पाचच्या आत, किती ताटं शाकाहारी आणि किती मासळीची ते सांगून. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. दोन वाजता अचानक पाच जण दारात उभे राहिले तर तुम्हाला फ्रीजमधलं मिळेल आणि त्या बाईंचं दुपारचं पडणं जाईल. खोली घेताना तळमजला आणि कमोड आहे का एवढं विचारा. ‘समुद्र दिसतो का’ हे नंतर.

आता हे सगळं बिघडलं तर काय? आईंना त्रास झाला, मुलीला ताप आला, तर किनाऱ्याला चिकटून राहायचं नाही, त्या दिवसाच्या घाटाने वर यायचं. मुरूड-दिवेआगरहून म्हसळा, माणगाव, ताम्हिणी: पाच-साडेपाच तासांत पुणे. आंजर्ले-दापोलीहून खेड, पोलादपूर, आंबेनळीने महाबळेश्वर. वरंध घाट वारंवार बंद असतो, त्यावर भरवसा ठेवू नका. मोठं रुग्णालय लागलं तर दिवेआगरपर्यंत अलिबाग, आणि दापोली-गुहागरहून चिपळूणजवळचं डेरवण. आईंच्या गोळ्या दहा दिवसांच्या नव्हे, चौदा दिवसांच्या घ्या, गावात नेमकं तेच औषध मिळेल असं नाही.

शुक्रवारी सकाळी सातला गुहागर सोडा. चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, कराड आणि मग हायवे. तीनशेच्या थोडं आत, थांबे धरून आठ तास. घाटात ट्रक असतात. चढावर गाडी पेट्रोलवर घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनला कुंथू देऊ नका, तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करा आणि रुंद जागा बघून दहा मिनिटं थांबा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. मुलीला घाटापूर्वी पोटभर नाश्ता नको, दोन घावने पुरेत, आणि तिला मधल्या जागेवरून समोर बघायला बसवा.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशीच गाडी खालून धुवून घ्या, चाकांच्या कमानी आणि सायलेन्सरसकट. पाच दिवसांची खारी हवा आणि धक्क्यावरचं पाणी तिथे बसलेलं असतं. महिनाभराने नट गंजून जाम होतात, तोवर ते दिसत नाही. आणि तारखा ठरल्या की सोमवारची तिथी इथे लिहा, ओहोटीच्या वेळा बघून रो-रोची कुठली फेरी घ्यायची ते सांगतो.